अकीकाचा खल आणि खंदारे सर

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात खंदारे सर येताना दिसले की भाजीवाल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. हा माणूस घासाघीस करायचा नाही, वांगी दाबून बघायचा नाही, जी समोर येतील ती घ्यायचा. पण तराजूचा काटा पुरता थांबल्याशिवाय पिशवी पुढं करायचा नाही. काटा डोलत राहायचा, मागं गिऱ्हाइकं ताटकळायची आणि सर हात पाठीशी बांधून वाकून बघत उभे.

"थांबला की वो सर आता!" सखूबाई वैतागायची.

"न्हाई मावशी. हलून राहिला अजून."

"दोन वांग्यांपायी माझा बाजार उठायची येळ आली."

"उठू द्या. माप बराबर पायजे."

'बराबर' हा त्यांचा शब्द. वर्गात गणिताची एकेक पायरी झाली की वळून विचारायचे, "बराबर?" आणि साठ पोरं छप्पर हलेल असं ओरडायची, "बराबर!" शेजारच्या वर्गात मी कवितेतल्या विरहाशी झटत असायचे आणि ऐन आसवांच्या जागी भिंतीपलीकडून हा जयघोष यायचा. पहिल्या महिन्यातच मी मुख्याध्यापकांकडं तक्रार केली. ते म्हणाले, "बाई, त्या माणसाला काही म्हणू नका. तो मुळात आपल्याकडं असायलाच नको होता." तेव्हा मला वाटलं, त्यांना सर नकोसे झालेत. अर्थ नंतर कळला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. आमच्या शाळेचे कागद परभणीला जायचे आणि यायचे मात्र नाहीत. मी मराठी शिकवायला नवीनच रुजू झाले होते, आणि खंदारे सर विज्ञान शिकवायला माझ्या आधीपासून होते. उंच, काटकुळे, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. एक रोजच्या लिखाणाचं. दुसरं फक्त मोजमापाचे आकडे लिहायचं, त्यानं ते सहीसुद्धा करायचे नाहीत. कुणी 'अंदाजे' म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी. शिपाई म्हणाला, "सर, अंदाजे अकरा वाजले," तर हे विचारणार, "अंदाज किती मिनिटांचा?" एका बाकावर तीन पोरं भांडायला लागली की कुणालाही न रागावता चौथा आणून त्यांच्यात बसवायचे. भांडण मिटायचंही. आम्ही त्याला त्यांचा विक्षिप्तपणा समजायचो.

सरांचे वडील हिंगोलीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांच्या बौद्ध वस्तीतला हा पहिला एम.एस्सी. पुढं विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हा वस्तीनं वाट न बघता त्यांना 'डाक्टर' करून टाकलं. सुट्टीत घरी आले की म्हाताऱ्या ओट्यावर येऊन जीभ दाखवायच्या. "आत्याबाई, मी तसला डाक्टर न्हाई," हे सांगून ते थकले. मग पाच वर्षांनी ते पदवीविनाच परत आले आणि जवळा बाजारला मास्तर झाले, तेव्हा वस्तीनं डाक्टर म्हणणं आपोआप बंद केलं. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. "विचारलं असतं तर बरं झालं असतं," असं सर एकदाच माझ्याजवळ बोलले.

हे सगळं मला कळलं ते त्यांच्या मलेरियामुळं. सर मुस्लिम मोहल्ल्यात एका खोलीत राहायचे, समोरच हकीम करीमोद्दीनसाहेबांचा दवाखाना. सर चार दिवस शाळेला आले नाहीत म्हणून आम्ही दोघं-तिघं बघायला गेलो. हकीमसाहेब उशाशी बसून काढा पाजत होते. खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती आणि तापातसुद्धा सरांचा एक हात तिच्या कडीवर होता.

सर बरे होऊन शाळेत आल्यावर मी मधल्या सुट्टीत विचारलं, "सर, ट्रंकेत सोनं आहे का?"

"प्रबंध हाय," ते म्हणाले. "सात वर्षांपासून. एका वाक्यावर अडला."

मी मराठीची बाई. वाक्यावर अडलेलं काही म्हटलं की माझे कान टवकारतात. पण ते म्हणाले, आधी भौतिकशास्त्र, मग वाक्य. आणि त्यांनी चहाचे रिकामे कप गोळा केले.

"दुर्मिळ मृदा म्हणून धातू असतात. नाव दुर्मिळ, पण तितके काही दुर्मिळ न्हाईत. एकमेकांपासून वेगळे करायची तकलीफ मोठी. त्यातला गॅडोलिनियम मी घेतला. त्याचा एकेक अणू म्हणजे बारका चुंबक. आणि माझ्या स्फटिकात शेजाऱ्यानं आपल्या उलट तोंड केलं की त्याला बरं वाटतं. बराबर?"

"बरोबर."

त्यांनी चार कप चौकोनात ठेवले. एक उताणा, शेजारचे दोन पालथे, समोरचा उताणा. "बघा. हरेकाचा शेजारी उलटा. सगळे खूश. आता गार करत गेलं की हे असे शिस्तीत बसतात, आणि मोजमापाच्या रेघेला एक वाक येतो. तो वाक दिसला की समजायचं, बसले."

मग त्यांनी एक कप काढून घेतला आणि उरलेल्या तिघांचा त्रिकोण केला. एक उताणा, दुसरा पालथा. तिसरा माझ्या हातात दिला. "ठेवा."

मी उताणा ठेवला, तर पहिल्यासारखा झाला. पालथा केला, तर दुसऱ्यासारखा. पुन्हा उताणा केला. सर माझ्याकडं, तराजूच्या काट्याकडं बघावं तसे बघत होते. शेवटी चिडून मी तो आडवा ठेवला. "हा घ्या!"

सरांनी वाकून तो आडवा कप बघितला. मग म्हणाले, "बाई, तुमी मराठीत काहून गेलात?"

आयुष्यात मला इतकी मोठी शाबासकी पुन्हा मिळाली नाही. ते पुढं सांगू लागले, "तसंच करतात ते. तिघंबी थोडं थोडं कलतात. कुणाचंच पुरतं मनासारखं न्हाई, पण भांडण मिटतं."

"मग मिटलं की."

"एका त्रिकोणाचं मिटलं. पण माझ्या स्फटिकात त्रिकोणाला त्रिकोण जोडलेला. हर कोपरा दुसऱ्याचाबी कोपरा. मंग तडजोडीच्या हजार तऱ्हा होतात, अन् सगळ्या सारख्याच सोयीच्या. कोणती धरावी? म्हणून ते बसतच न्हाईत. शून्याखाली दोनशे सत्तर अंशांवर नेलं मी त्यांना. वाक आलाच न्हाई. तिथं दोष कुणाचा न्हाई, बाई. चुंबक चांगले, मोजमाप चांगलं. त्रिकोणच तसा हाय."

ज्या माणसाला काटा थांबल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्या वाट्याला कधीच न थांबणारा पदार्थ यावा, याचं मला तेव्हा हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आता वाक्य. गॅडोलिनियमची पूड दुसऱ्या एका पुडीत मिसळून दिवसदिवस घोटायची, भट्टीत भाजायची, पुन्हा घोटायची. घोटायला अकीकाचा, म्हणजे गारेसारख्या कठीण दगडाचा खल लागतो, कारण तो झिजत नाही आणि त्याचा कण मालात उतरत नाही. लोखंडाचा एवढासा अंश जरी गेला तरी चुंबकाचं सगळं मोजमाप नासतं. विद्यापीठाचा खल तडकला होता आणि नवा यायला वर्ष लागणार होतं. दिवाळीला सर घरी आले, वडिलांचं औषध आणायला जवळा बाजारला गेले आणि हकीमसाहेबांकडं त्यांना तसाच खल दिसला, हकीमसाहेबांच्या आजोबांच्या वेळचा, औषधासाठी मोती घोटायचा. हकीमसाहेबांनी विचारलं, "कायकू होना?" सरांनी सांगितलं. हकीमसाहेबांना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी खल धुतलेल्या धोतरात गुंडाळून दिला. सर तो मांडीवर घेऊन एस.टी.नं विद्यापीठात गेले.

कुणीही शहाण्या माणसानं हे गुपचूप केलं असतं. सरांनी प्रबंधाच्या आभाराच्या पानावर लिहून टाकलं. हकीमसाहेबांचं नाव, गावाचं नाव आणि खल त्यांचा आहे हे, सगळं. बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान आधी वाचलं. रेघेला वाक न येण्याचं कारण त्यांना तिथंच सापडलं. त्यांनी शेरा लिहिला की हकीम लोक लोखंडाचं भस्म करतात, अशा खलात केलेला नमुना शुद्ध कसा मानायचा? सरांच्या मार्गदर्शकांनी समजूत घातली: ते वाक्य काढा, खल प्रयोगशाळेचा होता असं मोघम लिहा, पुढचं मी बघतो.

"मंग?" मी विचारलं.

"मी म्हणलं, सर, माणसाचं नाव खोडून रेघ शुद्ध होते का?"

तिथं सगळं थांबलं. नवा नमुना करायचा तर शिष्यवृत्ती संपलेली, घरी वडील आजारी. सर परत आले. मात्र दरवर्षी न चुकता मुदतवाढीचा एक अर्ज ते विद्यापीठाला पाठवायचे, आणि हकीमसाहेबांना यातलं काही कळू द्यायचे नाहीत. समोरासमोर राहून सात वर्षं! हकीमसाहेब अधूनमधून विचारायचे, "बेटा, तेरी किताब कब छपती?" आणि सर म्हणायचे, "छपती, चाचा, छपती."

मला राग आला. परीक्षकाचा आला, मार्गदर्शकांचा आला, पण सगळ्यात जास्त सरांचा. एक ओळ! आम्ही मराठीवाले अख्खे अध्याय कापतो. तसं मी बोलूनही गेले. सर नुसतं म्हणाले, "तुमी कापलं असतं?" मी कप उचलून धुवायला निघून गेले.

दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या एका जुन्या मित्राचं पाकीट आलं. आत परदेशी नियतकालिकातल्या लेखाची फोटोप्रत. सर ती वाचत बाजारातून चालत आले आणि चक्क एका बैलगाडीला धडकले. हे जे सरांच्या स्फटिकात घडत होतं, तसलं वागणं आता जगात लोक अभ्यासू लागले होते, त्याला नावसुद्धा पडलं होतं: फ्रस्ट्रेशन. सर माझ्याकडं आले. "बाई, मराठी शब्द द्या."

मी तयारीतच होते. "वैफल्य."

"न्हाई. फळ आलं की हो!"

"नैराश्य?"

"निराश कोण हाय?" ते खरोखरच विचारत होते. सात वर्षं ट्रंकेच्या कडीवर हात ठेवून झोपणारा माणूस.

शेवटी 'पेच'वर आमचं जमलं. त्या दिवसापासून सर सुटलेच. मित्र दूरच्या एका शहरात मोठ्या प्रयोगशाळेत होता. त्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत, इतकं गार करायला लागणाऱ्या द्रव हेलियमची एक पाळी मिळवून दिली, एकच. सरांनी ठरवलं, नमुने दोन करायचे. एकाच मालाचा अर्धा भाग प्रयोगशाळेच्या कोऱ्या खलात घोटायचा, अर्धा हकीमसाहेबांच्या. दोन्ही एकदम थंड करायचे. हकीमसाहेबांच्या खलात दोष निघाला तर?

"तर ते लिहीन," सर म्हणाले. "त्यांच्या नावासकट." आणि जाण्याआधी समोरच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी हकीमसाहेबांना सात वर्षांची सगळी हकिगत सांगितली. हकीमसाहेब उठले. मग आतून खल आणून समोर ठेवला आणि म्हणाले, "लेके जा. मेरे दादा की इज्जत है इसमें. तोलके ला."

तीन आठवडे काही कळलं नाही. मग एके दिवशी सुट्टीतल्या कामासाठी शाळेत गेले, तर तिथल्या पत्त्यावर माझ्या नावानं पोस्टकार्ड आलं होतं. मजकूर एवढाच: 'दोन्ही रेघा एकावर एक. वाक कशालाच नाही. चाचांना सांगा.' मुख्याध्यापकांनी ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हळहळले, "अरेरे, म्हणजे नाहीच आला." खल निर्दोष ठरला होता, हे त्यांना समजावण्यात वेळ न घालवता मी मोहल्ल्याकडं धावले. पदर कमरेला खोचून भर उन्हात धावणारी मराठीची बाई जवळा बाजारनं त्या दिवशी पाहिली.

तोंडी परीक्षेला विद्यापीठात आम्ही तिघं गेलो: मुख्याध्यापक, मी आणि हकीमसाहेब. हकीमसाहेबांनी लग्नातली शेरवानी घातली होती, आणि मांडीवर खल. समोर तीन परीक्षक: विभागप्रमुख, सरांचे मार्गदर्शक आणि सात वर्षांपूर्वी शेरा लिहिणारे बाहेरचे. हे शेवटचे गृहस्थ मला खलनायक हवे होते, पण दिसायला अगदी सरांसारखेच निघाले. काटकुळे, आणि खिशाला दोन पेनं.

त्यांनी दोन्ही आलेख मागून घेतले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. कडेला कडा जुळवली. पुन्हा धरले. ते वळून म्हणाले, "हकीमसाहेब आलेत का?"

हकीमसाहेब उभे राहिले.

"या खलात लोखंड कधी घोटलं?"

"हुजूर, फौलाद का खल अलग. अकीक में मोती के सिवा कुछ नई पिसा, तीन पीढ़ी में. और ये पोट्टे ने तो उसको तेजाब से ऐसा धोया, के मेरेकूच मेरा खल पहचान में नई आया."

लोक हसले. परीक्षक हसले नाहीत. "ठीक. नमुना शुद्ध आहे, हे मान्य. आता मला कारण सांगा. गणित तुमच्या प्रबंधात आहे, ते मी वाचलं. मला ते पटवून द्या."

सर फळ्याकडं गेले, खडू उचलला आणि परत ठेवला. "सर, तुमी तिघं जण मदत करता का? नियम एकच. आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या उलट करायचं. ते उभे तर आपण बसायचं, ते बसले तर आपण उभं राहायचं."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. पण विभागप्रमुख हसत उभे राहिले, मार्गदर्शक बसून राहिले. उरले बाहेरचे परीक्षक. ते उठले, शेजारी विभागप्रमुख उभेच होते. ते बसले, तर या बाजूला मार्गदर्शक बसलेले. पुन्हा उठले. अर्ध्यात थांबले, खुर्चीचे दोन्ही हात धरून, ना उभे ना बसलेले. सगळं सभागृह त्यांच्याकडं बघत होतं.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"सर," खंदारे सर म्हणाले, "माझे चुंबकबी सात वर्षांपासून हेच विचारून राहिले. तुमच्या जागी जो कोणी असंल, त्याचं असंच व्हणार. तुमचा काही दोष न्हाई."

ते गृहस्थ तसेच अर्धवट उभे राहून हसायला लागले. इतके हसले की त्यांना शेवटी बसावं लागलं. मग त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, जुना शेरा असलेला कागद पुढं ओढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. "आभाराचं पान?" मार्गदर्शकांनी हळूच विचारलं. "त्याला हात लावू नका," परीक्षक म्हणाले. मी रडले. तिथंच, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून रडले आणि मला त्याची अजून लाज वाटत नाही.

गावी परतलो तर एस.टी. स्टँडवर सरांची हिंगोलीची वस्ती लोटली होती. सोबत बँडही आणला होता. सरांचे वडील काठी टेकत पुढं आले, त्यांनी मुलाला हार घातला आणि त्याच्या बुशशर्टाचं वरचं बटण लावून दिलं. सखूबाईनं वांग्यांची टोपली आणली होती, न जोखता.

त्यानंतर माझी बदली झाली. जाण्यापूर्वी सरांना शेवटचं पाहिलं ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात. त्या दिवशी पदवीदान होतं. तिकडं मंडपात नावं पुकारली जात होती आणि सर हकीमसाहेबांना हाताला धरून कपाटांच्या रांगांमधून नेत होते. मी मागोमाग. भौतिकशास्त्राच्या कपाटात, काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा तो प्रबंध उभा होता. सरांनी तो काढला, ते पान उघडलं, आणि इंग्रजी ओळ मनात वाचून तिथल्या तिथं आपल्या बोलीत सांगितली, अगदी हलक्या आवाजात.

"नई आया सुनने में," हकीमसाहेब म्हणाले. "बाएँ कान का हाल तेरेकू मालूम. फिर से पढ़."

सर त्यांच्या उजव्या बाजूला जाऊ शकले असते. ते गेले नाहीत. त्यांनी प्रबंध दोन्ही हातांत धरला, छाती भरून घेतली आणि साठ पोरांच्या वर्गाला सांगावं तसं म्हणाले, "या पदार्थाची पूड जवळा बाजारचे हकीम करीमोद्दीनसाहेब यांच्या अकीकाच्या खलात घोटली. त्यांच्या उपकाराविना हे मोजमाप झालं नसतं."

वाचन-टेबलांवरची डोकी एकेक करून वर झाली. हकीमसाहेबांनी शेरवानी सारखी केली आणि म्हणाले, "एक बार और." टोकाच्या टेबलामागून ग्रंथपाल उठले आणि ओठांवर बोट ठेवून आमच्याकडं येऊ लागले. सरांनी त्यांना येताना पाहिलं, पण वाक्य संपेपर्यंत आवाज काही खाली आणला नाही.